खाऱ्या पाण्यात टांगलेले पत्रे

नौदलासाठी मी जे संशोधन केलं, त्याचा बराचसा भाग म्हणजे लोखंड गंजताना बघणं. तळहाताहून थोडे मोठे पोलादी पत्रे रंगवायचे, बंदरातल्या तराफ्यावरून समुद्रात सोडायचे आणि दर महिन्याला वर काढून काय झालं ते लिहून ठेवायचं. नोकरीची उमेदीची वर्षं अशी गेली, आणि त्याचा मला अभिमान आहे. आता निवृत्त होऊन बेतीला माहेरच्या घरी राहायला आले आहे. पलीकडे पणजी, मध्ये मांडवी. खिडकीचे गज दर पावसाळ्यात तांबूस होतात, आणि माझी नजर आपसूक त्यावरच्या रंगाच्या फोडांवर जाते.

प्रयोगशाळेचं नाव लिहीत नाही. १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट आम्हाला लागू होता, सही केली होती, आणि ती मी निवृत्तीनंतरही मानते. पण या लेखात मला जे सांगायचंय ते गुप्त नाही. गुप्त ठेवण्यासारखं फार थोडं होतं, बाकीचं नुसत्या सवयीने कपाटात राहिलं, आणि ते बाहेर यायला हवं होतं, हेच माझं म्हणणं आहे.

सैन्याच्या प्रयोगशाळेबद्दल वर्तमानपत्रांत जे येतं ते वेगळं असतं, आणि ते यावंच. आपल्या गोव्यातलंच उदाहरण घ्या. दाबोळीला आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर विमानवाहू जहाजाच्या डेकची प्रतिकृती जमिनीवर उभी केली आहे. २० डिसेंबर २०१४ रोजी नौदलाच्या तेजस लढाऊ विमानाने तिथल्या चढावरून पहिलं उड्डाण केलं, सप्टेंबर २०१९ मध्ये तिथेच दोराला हुक अडकवून ते उतरलं, आणि ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकरांनी ते आयएनएस विक्रमादित्यच्या डेकवर उतरवलं. त्या दिवशी आमच्या वाड्यावर पेढे वाटले गेले. अंबरनाथची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा १९५३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत सुरू झाली. पाणबुडीला जास्त काळ पाण्याखाली राहता यावं म्हणून तिने घडवलेल्या इंधन-घटाची जमिनीवरची चाचणी मार्च २०२१ मध्ये पार पडली, तीही बातमी झाली. विक्रांतसाठी खास पोलाद देशात तयार झालं, त्यावर लेख आले. त्या पोलादावर पहिला हात कुठल्या प्रायमरचा मारला, तो किती मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि तो समुद्रात किती टिकतो, हे कुणी विचारत नाही. आमचं काम तिथलं.

पत्र्याचं सविस्तर सांगते, कारण सगळं शास्त्र त्यातच आहे.

दीडशे बाय शंभर मिलिमीटरचा सौम्य पोलादाचा तुकडा. आधी ग्रिटचा, म्हणजे टणक खरखरीत कणांचा, मारा करून तो अडीच ग्रेडपर्यंत साफ करायचा, म्हणजे करडा, एकसारखा खरखरीत आणि जवळपास डागरहित. साफ केल्यावर त्याला उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटाच्या घामातलं मीठ पुरतं, सहा महिन्यांनी नेमका तिथेच फोड येतो. मग प्रायमर, मधला हात, वरचा हात. प्रत्येक हात वाळला की गेजने जाडी मोजायची. शेवटी, आणि नवख्या मुलांना हे जिवावर येई, एवढ्या निगुतीने रंगवलेल्या पत्र्यावर टोकदार हत्याराने फुली मारायची, थेट धातूपर्यंत. जहाजाचा रंग कधी ना कधी खरचटणारच. नांगराची साखळी घासते, टग येऊन टेकतो, धक्क्याचा रबर निघालेला असतो. ओरखडा पडल्यावर तिथून गंज दोन्ही बाजूंना रंगाखाली किती सरकतो, ते बघायचं असतं.

महिन्याने पत्रा वर येतो तेव्हा ओळखू येत नाही. हिरवट बुळबुळीत थर, त्यावर नळीतले किडे, शिंपल्यांची पिल्लं, आणि पांढरी, टोकदार, बोटं कापणारी बार्नॅकल, म्हणजे दगडाला-जहाजाला घट्ट चिकटणारे कवचाचे जीव. ती प्लास्टिकच्या खरवडणीने काढायची, धातूची वापरायची नाही. काढलेलं सगळं वाळवून वजन करायचं. मग गोड्या पाण्याने पत्रा धुऊन भिंगाखाली धरायचा. कुठे भाजलेल्या पापडावर येतात तसे फोड असतात. ते किती, केवढे, मानकातल्या चित्रांपैकी कोणत्या चित्राशी जुळतात, हे लिहायचं. फुलीच्या कडेला सुरीचं टोक घालून हलकेच उचलायचं. रंग धरून असेल तर सुरी अडते, नसेल तर सालीसारखी पट्टी निघून येते आणि खाली काळा, ओला गंज दिसतो. हवा लागली की तो बघता बघता तांबडा होतो. सरकलेलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहायचं. बिनरंगाचे पत्रे वेगळे असत. त्यांचा गंज आम्लाच्या द्रावणात उतरवून, दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत वजन करून, गेलेलं लोखंड काढायचं. कायम पाण्यात बुडालेलं साधं पोलाद वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर झिजतं. जिथे लाटेचे तुषार उडतात आणि ऊन लागतं त्या पट्ट्यात ते तिप्पट-चौपटही झिजू शकतं, कारण तिथे मीठ, पाणी आणि भरपूर प्राणवायू हे तिघेही एकत्र भेटतात.

याला शॉर्टकट आहे, आणि जगभर वापरतात. बंद पेटीत ३५ अंश तापमानाला पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सोडायचं. ती चाचणी १९३९ पासून मानक आहे. काही आठवड्यांत निकाल येतो, फायलीला आकडा मिळतो. पण पेटीत ऊन नसतं, वाळणं नसतं, आणि मुख्य म्हणजे जीव नसतात. पेटीतून झळाळत बाहेर आलेला रंग समुद्रात एका पावसाळ्यात सालपटं टाकताना मी पाहिलाय. उलटही पाहिलंय. म्हणून आम्ही तराफ्याला चिकटून राहिलो. वरून विचारणा होई, निकाल कधी? समुद्र त्याच्या वेळेने उत्तर देतो, हे पत्रात लिहिता येत नसे, तेव्हा 'निरीक्षण चालू आहे' असं लिहायचो.

या कामाचा इतिहास मी नव्या मुलांना मुद्दाम सांगत असे, कारण तो सुरुवातीपासून नौदलाचाच आहे. लाकडी युद्धनौकांचा तळ किडे पोखरत, म्हणून ब्रिटिश नौदल त्यावर तांब्याचे पत्रे ठोकत असे. तांबं समुद्रात झिजे आणि खर्च परवडत नसे. त्यांनी रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीला विचारलं. डेव्हीने १८२४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे उत्तर मांडलं : तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा छोटा तुकडा जोडा, तो झिजेल, तांबं वाचेल. मदतीला तरुण मायकेल फॅरेडे होता. प्रयोगशाळेतल्या भांड्यात ते उत्तम चाललं, आणि ते तत्त्व आजही पृथ्वीवरच्या बहुतेक पोलादी जहाजांच्या तळाशी झिंकच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्याच्या रूपात आहे. पण डेव्हीच्या जहाजांचं काय झालं? तांबं झिजायचं थांबलं, आणि तळावर शेवाळ आणि बार्नॅकल माजली. कारण झिजताना पाण्यात सुटणारं तांबंच तर त्या जीवांना दूर ठेवत होतं! जहाजं जड झाली, वेग गेला, आणि काही वर्षांतच नौदलाने ते संरक्षक तुकडे काढायला लावले. संरक्षण इतकं पक्कं झालं की त्यानेच घात केला. भांड्यात बार्नॅकल नव्हती, म्हणून भांड्याने हे सांगितलं नाही.

बार्नॅकलबद्दल मला आदर आहे, शत्रूबद्दल असावा तसा. चार्ल्स डार्विनने आयुष्याची आठ वर्षं, १८४६ ते १८५४, या एका प्राण्याला दिली. बार्नॅकलची अळी पोहत येते, पृष्ठभागावर चालून जागा चाचपते, पसंत पडली की डोकं टेकवून सिमेंट सोडते आणि मग जन्मभर तिथून हलत नाही. पाण्याखाली, ओल्या पृष्ठभागावर चिकटणारा असा गोंद माणसाला अजून नीट जमलेला नाही. तळावर या कवचांचा जाड थर बसला तर नेहमीच्या वेगाने जाण्यासाठी इंजिनाला ८६ टक्क्यांपर्यंत जास्त शक्ती लागू शकते, असा अमेरिकन नौदलाच्या फ्रिगेटसाठी केलेला हिशेब आहे. युद्धनौकेच्या बाबतीत हा नुसता डिझेलचा प्रश्न उरत नाही.

म्हणूनच एकेकाळी सगळं जग ट्रायब्युटिल टिन हे विषारी रसायन असलेल्या रंगांवर खूश होतं. काहीही चिकटत नसे. मग फ्रान्सच्या अर्काशोंच्या खाडीतल्या कालवांची कवचं वेडीवाकडी, जाड होऊ लागली, आणि इतर किनाऱ्यांवर गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटू लागली. फ्रान्सने १९८२ मध्ये निर्बंध घातले. या रंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. त्या करारात एक कलम आहे : तो युद्धनौकांना लागू नाही, त्यांनी फक्त शक्य तितकं त्याला धरून वागावं. हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला चिखली आठवली. वास्कोला जिथे झुआरीच्या काठी जहाजं बांधली जातात, तिथून जवळच चिखलीच्या खाडीत त्या पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्या मिळतात, ज्या आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी बसवल्या जात. ओहोटीला बायका तिथे गुडघाभर चिखलात उतरतात. युद्धनौकेचा तळ आणि त्या बायकांची टोपली एकाच पाण्यात असते. बंदी लागू नसलेल्यानेच ती जास्त काटेकोरपणे पाळावी, असं मी बैठकीत बोलले होते, आणि आजही माझं तेच मत आहे.

आता पुलाचं सांगते, कारण मी या कामाकडे वळले ती त्यामुळे.

१९७० साली वाहतुकीला खुला झालेला मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. सोळा वर्षांचा पूल! मी तेव्हा पणजीला रसायनशास्त्र शिकत होते. त्यानंतर कित्येक महिने बेती ते पणजी फेरीबोट, भर पावसात छत्र्यांची दाटी, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, एवढा काँक्रीटचा पूल पडतोच कसा. बोट दाखवलं गेलं ते काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या पोलादी तारांच्या गंजाकडे. साध्या सळईचा गंज निदान ओरडून सांगतो : गंजलेलं लोखंड फुगतं, काँक्रीटला तडे जातात, तपकिरी ओघळ येतात, खपल्या पडतात. ताण दिलेल्या तारेचं तसं नाही. तिच्यात मुळातच प्रचंड ताण कोंडलेला असतो. मिठातलं क्लोराइड आत पोचलं, तारेवरचं संरक्षक आवरण एका जागी फुटलं, सुईच्या टोकाएवढा खड्डा पडला, की सगळा ताण त्या खड्ड्यापाशी गोळा होतो. तार न फुगता, ओघळ न सोडता तुटते.

आणि हे मीठ फक्त समुद्रकाठीच असतं असं नाही. आपल्या मांडवी-झुआरीचं पाणी पावसाळ्यात जवळपास गोडं होतं आणि उन्हाळ्यात खारं पाणी मैलोगणती आत चढतं. खांब कधी खाऱ्यात, कधी गोड्यात, कधी ओला, कधी वाळलेला. गंजाला याहून सोयीचं काही नाही.

प्रयोगशाळेत रुजू झाल्यावर जुन्या नोंदवह्या वाचताना मला हे पुन्हा पुन्हा टोचत राहिलं. खारी हवा, तुषारांचा पट्टा, फटीतलं क्लोराइड, ताणाखालचं पोलाद, यांतलं काहीच नौदलांच्या गोद्यांना नवीन नव्हतं. धक्क्यांवरच्या माणसांच्या हातांना ते पाठ होतं. पण ते ज्ञान एका फाटकाच्या आत होतं आणि पूल फाटकाच्या बाहेर.

गुप्ततेची खरी कारणं मी नाकारत नाही. कोणत्या जहाजाचा तळ किती दिवसांत खराब होतो हे कळलं, तर त्याचा वेग आणि गोदीत येण्याची वेळ कळते. गंज थांबवायला तळावर जो वीजप्रवाह सोडतात, त्याचं विद्युतक्षेत्र पाण्यात पसरतं, आणि समुद्री सुरुंग ते ओळखू शकतो. त्या प्रवाहाचे आकडे बाहेर जाता कामा नयेत. पण रंगाचा एक साधा नमुना अमुक बंदरात पावसाळ्यानंतर सोलवटला, यात शत्रूला काय मिळणार? तरी त्यावरही तोच शिक्का बसायचा, कारण शिक्का मारणं सोपं आणि काढणं अवघड. फसलेले पत्रे तर कुणी छापतच नाही. यशस्वी रंगाचा निदान कारखान्याशी करार होतो. फसलेला रंग नोंदवहीत झोपतो आणि काही वर्षांनी दुसऱ्या शहरातली दुसरी मुलगी तोच रंग पुन्हा समुद्रात सोडते. कारैकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संस्थेने देशाचा गंज-नकाशा केला, कुठल्या गावच्या हवेत धातू किती झिजतो ते दाखवणारा. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला भरून आलं होतं. हे असं करता येतं, आणि सगळ्यांसाठी करता येतं.

उलट्या दिशेनेही ये-जा होते. कोकणात आणि गोव्यात लाकडी होडीला काजूच्या टरफलाचं तेल चोपडायची रीत जुनी आहे. ते हातावर उडालं तर कातडी जळते, म्हणून लहानपणी आजी आम्हाला भट्टीजवळ फिरकू देत नसे. त्याच तेलातून कार्डनॉल काढतात, आणि कार्डनॉलपासून इपॉक्सी रंग घट्ट करणारी फिनाल्कामाइन नावाची रसायनं करतात. त्यांचा गुण असा की थंडीत आणि दमट पृष्ठभागावरही रंग धरतो. आज जगभरच्या सागरी रंगांत ती आहेत. आजीच्या हातची मडक्यातली वस्तू मला नोकरीत पिंपावरच्या लेबलावर पुन्हा भेटली, तेव्हा मी ते लेबल दोनदा वाचलं.

गेल्या जूनमध्ये मासेमारीची बंदी लागल्यावर मालीमच्या धक्क्यावर गेले होते. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, तेव्हाच डागडुजी चालते. ओळखीच्या एका तांडेलाने कौतुकाने बोट दाखवली. सुकाणू पोलादी, पंखा पितळी, शेजारी झिंकचा ठोकळा.

"ताई, हा ठोकळा बघा. दोन हंगाम झाले, अजून नवाकोरा. चांगल्यातला आणला होता."

मी सुकाणूला हात लावला. पंख्याच्या बाजूला बोटाचं पेर जाईल असे खड्डे होते. ठोकळ्यावर तळाचाच तांबडा रंग मारलेला होता, दोन हात. तळ रंगवताना पोरांनी ठोकळाही रंगवून टाकला होता.

"हा झिजायला हवा होता," मी म्हटलं. "हा झिजला नाही, म्हणून सुकाणू झिजलं. झिंकवर रंग मारायचा नाही."

तो गप्प झाला. मग पटाशी मागवून त्याने स्वतः ठोकळ्यावरचा रंग खरवडला. खालचा धातू लख्ख निघाला. मागच्या बोल्टपाशी रबरी वॉशर होता. म्हणजे रंग नसता तरी ठोकळा सुकाणूला विजेने जोडलेलाच नव्हता. तोही काढला, खालचं लोखंड घासून उघडं केलं आणि ठोकळा थेट धातूवर आवळला. शेजारच्या बोटींवरची माणसं जमली. कुणीतरी विचारलं, पंख्यावर रंग चालतो का? दुसऱ्याने विचारलं, फायबरच्या बोटीला काय? पाऊस सुरू झाला तरी कुणी हलेना.

तेव्हापासून या बोटवाल्यांसाठी काही पानं लिहायला बसले आहे. आकडे नाहीत, कुठल्याही जहाजाचं नाव नाही, नोंदवहीतलं एक अक्षर नाही. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत असलेलंच, फक्त मराठीत आणि धक्क्यावर उभं राहून वाचता येईल असं. ठोकळा कुठे लावायचा आणि अर्ध्याहून जास्त झिजला की बदलायचा. पितळ आणि पोलाद शेजारी आले तर कोण कोणाला खातं. रंग मारण्याआधी तळ गोड्या पाण्याने का धुवायचा, आणि बोटाचा ठसाही का नको. चार पानं झाली आहेत. यंदाची बंदी लागायच्या आत ती मालीमला आणि वास्कोला खारीवाड्यावर पोचवायची आहेत. बोल्टखालच्या रबरी वॉशरची आकृती तेवढी राहिली आहे. भाच्याला सांगितलंय, रविवारी येऊन काढून देतो म्हणाला.